मानेतली गाठ: आधी टॉर्च, मग सुई, मग तुकडा

प्रश्न गुहागर तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. आईचं वय ५८. उजव्या जबड्याच्या कोनाखाली गाठ आहे. शिमग्याच्या सुमारास ती सुपारीएवढी होती, आता लिंबाएवढी झाली आहे. दुखत नाही, ताप नाही, वजन थोडं उतरलंय. चाळीसेक वर्षं मिश्री लावायची सवय. सुई घालून तपासणी झाली आणि अहवालात एवढंच आलं: 'नेक्रोटिक मटेरियल दिसते. क्षयरोगाची शक्यता. लक्षणांशी पडताळून पाहावे.' जवळचे डॉक्टर म्हणतात, टीबीची औषधं सुरू करू, महिनाभरात फरक कळेल. मुंबईचे मामा म्हणतात, सुई टोचली तिथेच चुकलं, सुईने गाठ पसरते, आता कुणाला हात लावू देऊ नका. शेजारी म्हणतात गंडमाळा आहेत, लेप घाला. मुलाने विचारलंय: औषधं सुरू करायची की तुकडा काढायचा?

आत्ता दोन्ही नको. आधी आईचं तोंड आणि घसा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून नीट बघून घ्या. मग सोनोग्राफीत बघत पुन्हा एकदा सुईची तपासणी करा, आणि या वेळी निघालेल्या मटेरियलचा थोडा भाग टीबीच्या सीबीनॅट तपासणीसाठी वेगळा ठेवायला सांगा. हे सगळं आठ-दहा दिवसांत होण्यासारखं आहे आणि तेवढ्यातच व्हायला हवं. लेप अजिबात नको. पाल्याने भाजलेल्या, बिब्ब्याने उतलेल्या कातडीखालची गाठ तपासणं फार अवघड जातं.

आता हे असं का, ते सांगते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. २६ वर्षं याच जिल्ह्यात गाठींना सुई लावते आणि निघालेल्या पेशी काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघते.

अहवालातला 'नेक्रोटिक मटेरियल' हा शब्द नीट समजून घ्या. त्याचा अर्थ मेलेल्या पेशींचा चोथा. टीबीच्या गाठीत मधला भाग सडून दह्याच्या निवळीसारखा किंवा चीजसारखा होतो, हे खरं. पण कॅन्सर जेव्हा मानेतल्या गाठीत उतरतो आणि भराभर वाढतो, तेव्हा मध्यावर रक्त पोचेनासं होतं आणि तिथल्या पेशीही अशाच मरतात. सुई नेमकी मध्यात गेली, तर दोन्ही रोगांत काचेवर तोच राखाडी-गुलाबी चोथा दिसतो. मेलेली पेशी आपलं नाव सांगत नाही. म्हणून नुसत्या नेक्रोसिसवर टीबी म्हणणं म्हणजे अंदाज झाला. मिश्रीची सवय असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या बाबतीत तो अंदाज मी कधीच करणार नाही.

टीबी म्हणायला काचेवर काही तरी जिवंत हवं. एपिथेलॉइड या शरीराच्या संरक्षक पेशींचे पुंजके हवेत. त्यांची केंद्रकं लांबट, चपलेच्या तळव्यासारखी मध्ये किंचित दबलेली असतात. सोबत लँगहान्स महापेशी असली तर उत्तमच. तिच्या कडेने केंद्रकं घोड्याच्या नालेसारखी मांडलेली असतात. या पुंजक्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. मग झील-नील्सन रंग देऊन जंतू शोधायचा. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी ज्याची घोषणा केली, तोच हा जंतू निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काडीसारखा दिसतो. फुप्फुसाच्या टीबीत थुंकीत तो अनेकदा ढिगाने सापडतो, पण मानेच्या गाठीत थोडाच असतो. कधी कधी तासभर काच सरकवत राहिल्यावर दोन काड्या दिसतात, कधी एकही नाही. म्हणून 'जंतू दिसले नाहीत' याचा अर्थ 'टीबी नाही' असा नव्हे. इथे सीबीनॅट उपयोगी पडते. ती जंतूचा जनुकीय अंश ओळखते, सुमारे दोन तासांत, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देईल का हेही सांगते. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते.

ग्रॅन्युलोमा दिसले तरी डोकं चालू ठेवावं लागतं. आपल्याकडे मानेच्या गाठीत ग्रॅन्युलोमा म्हणजे बहुतेक वेळा टीबीच. पण सारकॉइडोसिस या वेगळ्याच आजारात ते दिसतात, हॉजकिन लिम्फोमा या गाठींच्याच कॅन्सरच्या शेजारी दिसतात, आणि कॅन्सरच्या जागेकडून लसिका, म्हणजे शरीरातला निवळ द्रव, जिथे वाहून येते त्या गाठीतही कधी दिसतात.

एक उदाहरण सांगते, कारण ते मला विसरता येत नाही. बंदरावर मासळी विकणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, वय साठीच्या आसपास. उजव्या मानेला गाठ. दुसरीकडे सुईत नेक्रोसिस आलं होतं आणि त्यावर तीन महिने टीबीची औषधं चालली होती. गाठ दुप्पट झाली, तेव्हा 'औषध लागू पडत नाही' म्हणून पाठवलं. मी सुई लावायच्या आधी म्हटलं, काकी, जरा आ करा. त्या तोंड उघडायला तयार नव्हत्या. दाढ ठणकते म्हणाल्या. टॉर्च लावून जीभ बाजूला सारली, तर अक्कलदाढेच्या मागे, जिथे मिश्री बोटाने दाबून ठेवायच्या तिथेच, कडा उचललेली जखम होती. मी गाठीच्या मध्यात न शिरता कडेला सुई घातली. पेशी रंगवायच्या पॅप पद्धतीत काचेवर पिकल्या आंब्याच्या सालीसारख्या नारिंगी पेशी उमटल्या. तो रंग केराटिनचा, कातडीला टणक करणाऱ्या प्रथिनाचा. स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या अस्तराचा कॅन्सर. तीन महिन्यांत कुणीही त्यांचं तोंड बघितलं नव्हतं. टॉर्चला सेलचा खर्च येतो, बाकी काही नाही.

म्हणून आईच्या बाबतीत मी पहिली टॉर्च म्हणते. ओठ, गालांचा आतला भाग, जिभेच्या कडा, जिभेखालचा तळ, दाढांच्या मागची जागा, टॉन्सिल. नंतर दुर्बिणीने जिभेचं मूळ, नाकामागचा भाग आणि स्वरयंत्र. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्री घरच्या तव्यावर भाजली जाते आणि तिला कुणी व्यसनही म्हणत नाही. इतिहास विचारताना 'तंबाखू खाता का' असं विचारलं की बायका नाही म्हणतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरंच असतं. 'दात कशाने घासता' असं विचारावं.

आता मामांच्या भीतीविषयी. त्यांच्या काळजीचा मला राग येत नाही, हा समज किनारपट्टीभर आहे. पण मानेच्या गाठीला लावतात ती सुई २३ ते २५ नंबरची, रक्त काढतात त्याहून बारीक. अशा सुईने रोग पसरल्याची उदाहरणं अतिशय विरळ आहेत. पद्धतही नवी नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात मार्टिन आणि एलिस यांनी १९३० मध्येच गाठींची सुईने तपासणी करून ती छापली होती. खरा धोका उलट बाजूला आहे. तोंडातल्या कॅन्सरची मानेतली गाठ आधी न ओळखता चाकूने उघडली, तर तिच्यातल्या पेशी आजूबाजूच्या थरांत सांडू शकतात, व्रण आडवातिडवा पडतो आणि पुढे मानेची पूर्ण शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनची वाट अवघड होते. म्हणून प्रौढ माणसाच्या मानेतल्या गाठीला आधी सुई, आणि सुईने भागलं नाही तरच तुकडा. तोही जो पुढची शस्त्रक्रिया करणार आहे त्याच्या सल्ल्याने, त्याच्या चिरेच्या रेषेत.

सुईच्या तपासणीत काय होतं, हे आईला आधी सांगून ठेवा, म्हणजे ती घाबरणार नाही. उशीवर मान थोडी मागे टाकून झोपायचं, गिळायचं नाही, बोलायचं नाही. दोन बोटांत गाठ धरून सुई आत-बाहेर चार-सहा वेळा हलवतात, दहा-पंधरा सेकंद. असं दोन-तीनदा. हाताला बरंच कळतं. टीबीच्या पिकलेल्या गाठीत सुई अडतच नाही, लिम्फोमाची गाठ रबरासारखी ओढते, कॅन्सरच्या गाठीत वाळू कुरकुरल्यासारखी लागते. मी हे अहवालात लिहीत नाही, पण दुसरी सुई कुठे घालायची ते त्यावरून ठरवते.

निघालेल्या थेंबाचे लगेच वाटे होतात. काही काचा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ओल्याच बुडवायच्या, काही हवेत वाळवायच्या, उरलेलं सीबीनॅटसाठी सलाइनमध्ये. आणि इथे आपला कोकण आडवा येतो. आषाढात हवेत इतका ओलावा असतो की काच वाळायला वेळ लागतो, आणि सावकाश वाळणारी पेशी आक्रसते, तिचं केंद्रक विकृत दिसतं. पावसाळ्यात मी टेबलावर लहान पंखा ठेवते आणि काच त्यासमोर धरते. मायक्रोस्कोपच्या भिंगांवर बुरशी चढू नये म्हणून सिलिका जेल ठेवलेलं बंद कपाट लागतं. दमट खोलीत बनलेल्या आणि अंधूक भिंगातून पाहिलेल्या काचेवर माणसाचा आजार ठरू नये, एवढीच माझी इच्छा असते.

तुकड्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तिथे होणारी चूक परत दुरुस्त करता येत नाही. एका तरुण मुलाची मानेतली गाठ एका ठिकाणी शस्त्रक्रियेने काढली आणि नातेवाइकांच्या हाती दिली. गाठ आमच्याकडे आली ती ओल्या गॉजमध्ये गुंडाळून, एसटीने, दुसऱ्या दिवशी. बाहेरून ठीक होती. कापली तर आतला भाग सडला होता. रोगाचं नाव देण्याजोगं काही उरलं नव्हतं आणि दुसरी मोठी गाठ मानेत नव्हती. त्या मुलाला मी काय सांगणार होते? तुकडा काढल्या क्षणी १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा, तुकड्याच्या किमान दहापट फॉर्मॅलिन हवं, बाटलीचं तोंड रुंद हवं आणि मोठी गाठ मधून चिरलेली हवी, नाही तर औषध आत पोचत नाही. पण टीबीची शंका असेल तर एक छोटा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न घालता सलाइनमध्ये वेगळा पाठवायचा, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही. सलाइनमधला मात्र त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचायला हवा. दोन बाटल्या, दोन लेबलं. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना हे विचारण्यात उद्धटपणा नाही. जरूर विचारा.

लिम्फोमाची शंका आली तर सुई पुरत नाही. लिम्फोमा म्हणजे लसिका पेशींचाच कॅन्सर, आणि त्यात पेशी कशी आहे याइतकंच ती कशी मांडलेली आहे हेही बघावं लागतं. सुईत मांडणी मोडते. त्यासाठी पूर्ण गाठ अखंड काढावी लागते, तीही सगळ्यांत मोठी, सहज हाताला लागते म्हणून एखादी छोटी नव्हे. मग सीडी२०, सीडी३, सीडी३०, सीडी१५ असे खास रंग देऊन कुठला उपप्रकार ते ठरतं. हॉजकिनचा रोग थॉमस हॉजकिनने १८३२ मध्ये वर्णन केला. त्यातली रीड-स्टर्नबर्ग पेशी दोन मोठ्या केंद्रकांची, घुबडाच्या डोळ्यांसारखी दिसते. उपप्रकारावर उपचार ठरतात, आणि यातले बरेच रोग पूर्ण बरे होतात. म्हणून माझी एक विनंती आहे: निदान होईपर्यंत गाठ बसवायला स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं घेऊ नका. गाठ तात्पुरती विरघळते, घरी सगळे सुटल्याचा निःश्वास टाकतात, आणि नंतर काढलेल्या तुकड्यात लिम्फोमा ओळखू येत नाही.

तरुण मुलींच्या मानेत मागच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि ताप असला, तर किकुची नावाचा एक आजार असतो. जपानमध्ये १९७२ मध्ये तो प्रथम नोंदवला गेला. काचेवर तो टीबी आणि लिम्फोमा दोघांसारखा भासतो आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप बरा होतो. त्याला टीबी समजून सहा महिने औषधं दिलेली मी पाहिली आहेत.

गाठ नेमकी कुठे आहे, यावरून निम्मा विचार होतो, म्हणून फॉर्मवर 'मानेची गाठ' एवढंच लिहिलेलं मला चालत नाही. जबड्याच्या कोनाखालची गाठ तोंड, टॉन्सिल, घसा यांच्याकडे बोट दाखवते. गळ्याजवळच्या आडव्या हाडाच्या वरच्या खळग्यात डावीकडे गाठ आली, तर पोटातल्या अवयवांपर्यंत शोध न्यावा लागतो. चाळिशीनंतर मानेच्या बाजूला अचानक पाण्याची गाठ आली आणि सुईत पिवळसर पाणी निघालं, तर ती जन्मजात गाठ आहे असं पटकन म्हणू नये; टॉन्सिलचा किंवा थायरॉइडचा कॅन्सर गाठीत उतरला की तोही कधी असाच पाण्याने भरतो. जिभेबरोबर, म्हणजे जीभ बाहेर काढल्यावर वर सरकणारी मध्यावरची गाठ बहुधा थायरोग्लॉसल सिस्ट.

गिळताना वर-खाली होणारी गाठ थायरॉइडची. तिथले अहवाल बेथेस्डा पद्धतीने येतात, तेव्हा त्यातला आकडा वाचता यायला हवा. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे २००७ मध्ये झालेल्या बैठकीतून ही पद्धत आली आणि २०२३ मध्ये तिची तिसरी आवृत्ती निघाली. सहा वर्ग आहेत. पहिला वर्ग म्हणजे नमुना अपुरा. त्याला 'काही नाही' समजून घरी बसणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. साधारण दहा पेशींचे किमान सहा पुंजके काचेवर असतील तरच नमुना पुरेसा. दुसरा वर्ग साधी गाठ, त्यात कॅन्सर निघण्याची शक्यता सरासरी ४ टक्के. तिसऱ्यात २२, चौथ्यात ३०, पाचव्यात ७४, सहाव्यात ९७ टक्के. चौथ्या वर्गावर लोक चिडतात, 'एवढं करूनही नक्की सांगत नाही' म्हणतात. पण फॉलिक्युलर प्रकारात साधी गाठ आणि कॅन्सर यांच्या पेशी सारख्याच असतात; फरक असतो तो गाठीचं वेष्टण किंवा रक्तवाहिनी भेदली की नाही यात. ते फक्त अख्खी गाठ काढून तिच्या वेष्टणाचे कितीतरी छेद तपासल्यावर कळतं. पॅपिलरी प्रकार मात्र सुईत ओळखता येतो. त्याच्या केंद्रकांवर कॉफीच्या बीसारखी खाच असते.

याच संदर्भात एक गैरसमज. मिठागराचं जाडं मीठ समुद्राचं, म्हणून त्यात आयोडीन भरपूर, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. उन्हात वाळवलेल्या मिठात नैसर्गिक आयोडीन अगदी नगण्य उरतं. १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग झाला आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो आयोडीनच्या कमतरतेने थायरॉइड सुजू नये म्हणून.

कानाखाली, जबड्याच्या मागे वर्षानुवर्षं सावकाश वाढणारी गाठ लाळग्रंथीची असू शकते. तिथेही सुई चालते. मिलान पद्धतीने, २०१८ पासून, त्याचेही वर्ग आहेत. पण तिथे गावात छोटी चीर देऊन 'गाठ काढून टाकू' असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. प्लिओमॉर्फिक अॅडेनोमा ही लाळग्रंथीची साधी गाठ वेष्टण फुटलं की पुन्हा पुन्हा उगवते, अनेक ठिकाणी. आणि चेहऱ्याची नस तिथूनच जाते.

आता परत आईकडे. तोंडात-घशात काही सापडलं नाही आणि दुसऱ्या सुईत ग्रॅन्युलोमा दिसले किंवा सीबीनॅट पॉझिटिव्ह आली, तर निर्धास्तपणे टीबीची औषधं घ्या: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. एचआयव्ही आणि साखर तपासून घ्या. औषधं चालू असताना गाठ मध्येच फुगू शकते, शेजारी नवी येऊ शकते, फुटूही शकते. ते बहुतेक वेळा जंतू मरताना शरीराने दिलेल्या प्रतिक्रियेमुळे असतं. डॉक्टरांना दाखवा, पण स्वतःहून औषध थांबवू नका.

स्क्वेमस कार्सिनोमा निघाला, तर मूळ जागा सापडल्यावर तिचाही तुकडा तपासला जाईल, मग स्कॅन, मग अवस्था. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतली गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत, ३ ते ६, की ६ च्या वर, एका बाजूला की दोन्ही, आणि गाठीचं वेष्टण फोडून रोग बाहेर आलाय का, यावरही ती अवस्था ठरते. मूळ तोंडात न सापडता टॉन्सिलची शंका आली, तर त्याच नमुन्यावर पी१६ तपासणी सांगतील; कॅन्सरचा एचपीव्ही विषाणूशी संबंध आहे का, याचा अंदाज तिने येतो. त्यावर वर्गीकरण बदलतं.

फॉर्मवर तुम्ही स्वतः लिहा किंवा डॉक्टरांना लिहायला सांगा: वय, मिश्री किती वर्षं, गाठ कुठे, किती दिवसांत किती वाढली, आधी काही औषध चाललं का, आधीची सुई कधी. आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर या रकान्यांत बहुधा आडवी रेघ असते, आणि काचेमागे कोण बाई आहे ते मला कळत नाही.

पहिल्या तपासणीच्या काचा प्रयोगशाळेतून मागून घ्या. नुसता कागद नव्हे, काचा. पुढे परळला टाटात किंवा आणखी कुठे जावं लागलं, तर तिथेही त्या आधी मागतील. प्रत्येक काच टिश्यूत वेगळी गुंडाळा, प्लॅस्टिकच्या डबीत उभी ठेवा, आणि एसटीत डबी आईच्या मांडीवर नको, तुमच्या शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा.